वाळला की उगवणारा डाग

रविवारी दुपारी डाग धुतला. साबणाचं पाणी लावलं, मऊ ब्रशने चोळलं, वरून दोन तांबे स्वच्छ पाणी ओतलं आणि फडक्याने टिपून घेतलं. संध्याकाळी गालिचा ओला होता, पण डाग कुठे दिसत नव्हता. मंगळवारी सकाळी हात लावून पाहिला तर गालिचा कोरडा, आणि त्याच जागी तसाच तपकिरी डाग, कडेच्या गडद रेघेसकट.

ठाणे खाडीच्या काठावरच्या ऐरोलीतल्या एका ओळखीच्या घरातली ही गोष्ट. एसीची पाणी जाणारी नळी शेवाळाने तुंबली आणि रात्रभर पाणी भिंतीवरून गालिच्यात उतरत राहिलं. नळी दुसऱ्याच दिवशी साफ झाली, गळती थांबली. डाग मात्र तीनदा धुऊन तीनदा परत आला. तिथल्या मावशींनी मला बसवून विचारलं, "अहो, पाणी तर स्वच्छ होतं. मग हा रंग आला कुठून? आणि धुतल्यावर दोन दिवस जातो कुठे?"

इतके नेमके प्रश्न क्वचित कानावर येतात. दोन्हींची उत्तरं गालिच्यातच आहेत.

पहिला प्रश्न रंगाचा. एसीतून टपकणारं पाणी म्हणजे खोलीतल्या हवेतली वाफ, थंड नळ्यांवर जमून थेंब झालेली. नळाच्या पाण्यात असतात तसे क्षार त्यात जवळपास नसतात. तेव्हा रंग पाण्याने आणलेला नाही, तो गालिच्यातच होता. आम्ही कोपरा उलटून पाहिला. वरचे धागे पॉलिप्रॉपिलीनचे, म्हणजे प्लास्टिकच्या दोऱ्यांच्याच जातीचे, आणि खाली तागाचं विणलेलं अस्तर. कोरड्या भागातलं अस्तर फिकट सोनेरी होतं. भिजलेल्या भागातलं गुळाच्या ढेपेसारखं काळपट झालं होतं आणि बोट फिरवलं तर बोटाला चहाच्या चोथ्यासारखा रंग लागत होता. तागात लिग्निन नावाचा पदार्थ असतो. झाडाच्या लाकडाला ताठपणा देणारा हाच तो, आणि वर्तमानपत्राचा जुना अंक पिवळा पडतो तोही प्रामुख्याने याच्यामुळे. ताग बराच वेळ ओला राहिला की त्यातले तपकिरी अंश पाण्यात सुटू लागतात. साबणाचं किंवा धुण्याच्या सोड्याचं अल्कधर्मी पाणी लागलं तर हा रंग आणखी सुटतो आणि गडदही होतो. भरीला गालिच्याच्या तळाशी वर्षानुवर्षं बसलेली धूळ असतेच. रोजच्या झाडण्याने ती वर येत नाही, पाण्यात मात्र सहज विरघळते किंवा तरंगते.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ऐरोलीकरांना खाडीपलीकडे पाहूनही मिळेल. ऐरोलीचा पूल ओलांडून मुलुंडकडे जाताना भांडुप-मुलुंडच्या बाजूला मिठागरांची जमीन लागते. इथल्या मूळ गावांत राहणाऱ्या आगरी समाजाचं नावच 'आगर' या शब्दाशी जोडलं जातं. मिठागरात होतं ते इतकंच: खारं पाणी वाफ्यात घ्यायचं आणि उन्हाला काम करू द्यायचं. पाणी वाफ होऊन उडतं, मीठ उडत नाही. पाणी ज्या जागी हवेत जातं त्या जागी मीठ राहतं. गालिच्याच्या प्रत्येक धाग्याचं टोक हे असंच एक इवलंसं मिठागर आहे. तिथे मिठाऐवजी तागाचा रंग जमतो.

पण खालचं पाणी वर चढतं कसं? समईकडे पाहा. तेल तळाशी असतं आणि ज्योत वर, तरी तेल वातीतून वर येतच राहतं, कारण वातीच्या तंतूंमध्ये केसाइतक्या बारीक फटी असतात. यालाच आपण शाळेत केशाकर्षण म्हणून शिकलो. फट जितकी अरुंद तितका द्रव उंच चढतो, हा नियम इंग्लंडमधले वैद्य आणि वैज्ञानिक जेम्स ज्यूरिन यांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला मांडला. पाणी ज्याला चांगलं चिकटतं अशा पदार्थाच्या, मिलिमीटरच्या दशांशाइतकी त्रिज्या असलेल्या नळीत ते सुमारे १५ सेंटिमीटर चढू शकतं. गालिच्याची उंची जेमतेम एक सेंटिमीटर, तेव्हा पाण्याला ती म्हणजे एक पायरी. पॉलिप्रॉपिलीन स्वतः पाणी पीत नाही, पण एका धाग्यात शेकडो तंतू एकमेकांना चिकटून असतात आणि त्यांच्यामधल्या फटींतून, विशेषतः साबणाचा अंश तिथे उरला असेल तर, पाणी वर सरकतं.

आता रविवारची दुपार पुन्हा डोळ्यांसमोर आणा. ब्रशने धाग्यांच्या टोकांवरचा रंग निघाला, म्हणून डाग गेल्यासारखा वाटला. पण दोन तांबे पाणी खाली अस्तरात गेलं आणि तिथे नवा रंग विरघळला. फडक्याने टिपलं ते वरचं पाणी. खालचं तसंच राहिलं. मग टोकांवरून पाणी उडू लागलं, त्याची जागा भरायला खालून रंगीत पाणी वर आलं, ते उडालं, पुन्हा वर आलं. हे दीड-दोन दिवस चालू होतं. मावशींनी डाग धुतला नव्हता, त्याला खाऊ घातलं होतं. हे मी त्यांना सांगितलं तेव्हा त्या क्षणभर गप्प झाल्या, आणि मलाही वाईट वाटलं, कारण त्यांनी केलं ते कुणीही मनापासून केलं असतं.

कडेच्या गडद रेघेची गोष्ट वेगळी आहे, आणि मला ती फार आवडते. ओट्यावर सांडलेला कॉफीचा थेंब वाळला की मध्ये फिकट आणि कडेला गडद कडं राहतं. यामागचं कारण शिकागो विद्यापीठातल्या रॉबर्ट डीगन आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली 'नेचर'मध्ये मांडलं. थेंबाची कड एका जागी रुतून बसते आणि तिथून पाणी सर्वांत वेगाने उडतं. ती तूट भरायला मधलं पाणी सतत कडेकडे वाहतं आणि जाताना कण वाहून नेतं. गालिच्यातही ओल्या आणि कोरड्या भागाच्या सीमेवर तसंच घडतं. जुनी कागदपत्रं आणि वस्त्रं जतन करणाऱ्यांना ही रेघ चांगलीच परिचयाची असते. भिजलेल्या कागदावरच्या अशा रेषेला इंग्रजीत भरतीच्या रेषेचंच नाव आहे. खाडीकिनारी राहणाऱ्याला ते लगेच पटेल, कारण भरती उतरल्यावर दगडांवर गाळाची रेघ राहते, ती नेमकी पाणी थांबलेल्या उंचीवर.

ऐरोलीत हे सगळं जुलै-ऑगस्टमध्ये जास्त चिघळतं. त्याचा साधा हिशेब मांडता येतो. ३० अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे ३० ग्रॅम वाफ मावते. सापेक्ष आर्द्रता ८५ टक्के असेल तर त्यातली २६ ग्रॅमच्या आसपास जागा आधीच भरलेली असते. उरतात साडेचार ग्रॅम. दहा बाय बारा फुटांची आणि दहा फूट उंचीची खोली म्हणजे साधारण ३४ घनमीटर. त्या सगळ्या खोलीतली हवा मिळून दीडशे ग्रॅमच्या आसपास पाणी घेऊ शकते. ते एक पेलाभरही नाही, आणि गालिच्यात तर अर्धी बादली पाणी मुरलं होतं. बाहेरून येणारी हवाही तितकीच भिजलेली असेल तर खिडक्या उघडून फारसं साधत नाही. अशा दिवसांत खिडक्या बंद करून एसी चालू ठेवावा, कारण तो हवेतली वाफ काढून नळीने बाहेर टाकतो. नळी आता मोकळी आहे याची खात्री तेवढी आधी करून घ्यावी. सोबत पंखाही लावावा. घाई हवी, कारण ओल २४ ते ४८ तासांपेक्षा जास्त टिकली की बुरशी धरायला लागते, आणि बुरशीचा वास गालिच्यातून काढणं डाग काढण्याहून अवघड.

मग उपाय काय? डागाला धुऊन हरवायचं हा विचार सोडून द्यावा. डाग पाण्याबरोबर चालतो आणि पाणी शेवटी जिथून उडतं तिथे बसतो, एवढं लक्षात आलं की आपल्या हातात मोठी गोष्ट येते: पाणी शेवटी कुठून उडावं हे आपण ठरवू शकतो. धाग्यांच्या टोकांवर अजून एक वात ठेवली तर रंग तिच्या टोकापर्यंत जाईल. ती वात म्हणजे पांढरा सुती टॉवेल.

मावशींकडे आम्ही हेच केलं. एक वाटी पांढऱ्या व्हिनेगरमध्ये तीन वाट्या पाणी घातलं. व्हिनेगरचं सौम्य आम्ल साबणाचा अल्कधर्मी अंश मारतं आणि तागाचा तपकिरी रंग फिका करतं. आधी कोपऱ्यात, कुणाला दिसणार नाही अशा जागी थेंब टाकून गालिच्याचा स्वतःचा रंग सुटत नाही ना ते पाहिलं. मग फवाऱ्याने डागावर आणि कडेच्या रेघेबाहेर चार बोटांपर्यंत ते मिश्रण मारलं, फक्त धागे ओले होतील इतकंच. अजिबात घासलं नाही. त्यावर जुना धुतलेला पांढरा टॉवेल चौपदरी घडी करून पसरला आणि वर पाण्याने भरलेल्या प्लास्टिकच्या बाटल्या थोड्या थोड्या अंतराने ठेवल्या, म्हणजे टॉवेल धाग्यांना घट्ट टेकेल आणि मधल्या जागेतून हवाही खेळेल. लोखंडी वजन मुद्दाम टाळलं, कारण ओल्या लोखंडाचा गंज हा आणखी एक डाग होतो, आणि तो तर याहून चिवट. गालिच्याचं ते टोक पाटावर उचलून धरलं आणि पंखा असा लावला की खालूनही वारा जाईल. खालच्या बाजूने जेवढं पाणी उडेल तेवढा रंग अस्तरातच राहील, तिथे कुणाला दिसणार नाही.

जुने कागद जतन करणारेही याच मार्गाने जातात. पाणी टिपकागदात ओढून घेतात आणि रंग टिपकागदावर बसवतात. दगडी कोरीव कामात मुरलेले क्षार काढायला कागदाच्या ओल्या लगद्याचा लेप देतात, लेप वाळतो तसे क्षार लेपात येतात. आपल्या भिंतींना लोणा लागतो तोही याच कुळातला. गळती न थांबवता वरून रंग दिला तर पुढच्या पावसाळ्यात लोणा रंगाचे पापुद्रे ढकलून बाहेर येतो, कारण भिंतीतलं पाणी अजूनही तिथूनच उडतं आहे.

तीन गोष्टी सांगायलाच हव्यात. डाग दोन दिवसांत परत न येता काही आठवड्यांनी हळूहळू काळा होत गेला, तर ते खालून आलेलं पाणी नव्हे. तो धुऊन न निघालेला साबण असतो, चिकट राहून धूळ पकडणारा, आणि तिथे थोड्या साध्या पाण्याने पुसून लगेच कोरडं करणं पुरतं. आणि पाणी सांडपाण्याच्या पाइपचं किंवा तुंबलेल्या गटाराचं असेल तर यातलं काहीही करू नये. तो गालिचा घराबाहेर काढावा, कितीही आवडता असला तरी. लोकरीचा गालिचा असेल तर ब्लीच चुकूनही वापरू नये, ब्लीच लोकर विरघळवतं.

रात्री दहाला टॉवेल ठेवला होता. सकाळी मावशींचा फोन आला, मी गेलो. त्यांनी बाटल्या बाजूला केल्या आणि टॉवेलची घडी दोन्ही हातांनी उचलली. खालचा गालिचा थोडा ओलसर होता, रंग मूळचा. टॉवेलच्या वरच्या पदरावर मात्र फिक्या चहाच्या रंगाचा एक मोठा गोल उमटला होता, आणि त्याच्या कडेला तीच गडद रेघ.