वराहशिशूंचा अतिसार

डुकराचे नाव काढताच पुष्कळांच्या कपाळाला आठ्या पडतात. परंतु वराहपालनावर पोट भरणाऱ्या कुटुंबाची एका वेताची पिल्ले हीच पुंजी असते. ती चार-सहा दिवसांत हिरावून नेणारा एक विषाणुजन्य अतिसार आहे. १९७१ साली तो इंग्लंडात प्रथम आढळला. २०१३ साली तो अमेरिकेत शिरला आणि वर्षभरात सुमारे ७० लाख पिल्ले दगावली.

आतड्यातील सूक्ष्म रसांकुरांतून अन्नरस शोषला जातो. हा विषाणू नेमक्या त्यांवरील पेशी नष्ट करतो. मोठ्या जनावराच्या पेशी लवकर नव्या होतात, म्हणून ते आठवड्याभरात सावरते. नवजात पिल्लू मात्र अंगातील पाणी जाऊन सुकते. त्याला गर्भात आईकडून रोगप्रतिकारक द्रव्ये मिळत नाहीत. ती चिकातूनच मिळतात. म्हणून जन्मताच चीक पाजणे अत्यावश्यक होय.

हा रोग माणसास होत नाही. पण माणूसच तो पसरवितो. पायतणाला अथवा गाडीच्या चाकाला लागलेली विष्ठा पुरेशी होते. आपली वांकिडी आसिफाबाद-चंद्रपूर हमरस्त्यावर वसलेली आहे. अशा ठिकाणी खुराड्यात शिरण्यापूर्वी पायतण धुणे आणि विकत आणलेले जनावर काही दिवस वेगळे बांधणे, ही बिनखर्चाची दक्षता आपण का घेऊ नये?