कोपराने फुंकायचं वाद्य

'टायटॅनिक' चित्रपटाच्या पार्श्वसंगीतात मधूनमधून एक सूर येतो. किंचित नाकातला, तरी मऊ. तो आयर्लंडच्या इलन पाइप्सचा. संगीतकार जेम्स हॉर्नर यांनी त्याआधी 'ब्रेव्हहार्ट'मध्येही हेच वाद्य वापरलं होतं. कथा स्कॉटलंडची, पडद्यावर दिसणारे पाइप्स स्कॉटिश आणि कानावर पडणारे आयरिश! जाणकारांनी कपाळाला हात लावला, पण आवाज इतका गोड की तक्रार फार टिकली नाही. खऱ्या टायटॅनिकवर मात्र हे वाद्य होतंच. एप्रिल १९१२मध्ये जहाजाने आयर्लंडचं क्वीन्सटाउन बंदर सोडलं, तेव्हा तिसऱ्या वर्गाचा प्रवासी युजीन डेली डेकवर पाइप्स वाजवत होता. डेली वाचला. बुडालेल्या पाइप्सची भरपाई म्हणून त्याने नंतर पन्नास डॉलर मागितले.

आपल्याला बॅगपाइप ठाऊक आहे तो लष्करी बँडमधला. तोंडाने फुंकायचा, चालता चालता वाजवायचा, मैलभर ऐकू जाणारा. त्यावर नऊच सूर निघतात आणि एकदा सुरू झाला की क्षणभरही गप्प बसत नाही. सनईवाला गालात हवा धरून, नाकाने श्वास घेत सूर अखंड ठेवतो. बॅगपाइपवाल्याने ते काम पिशवीवर सोपवलं. आयरिश कारागिरांनी तर पुढे जाऊन तोंडालाच सुट्टी दिली. अठराव्या शतकात आकाराला आलेले हे इलन पाइप्स बसून वाजवतात. उजव्या कोपराला भाता बांधलेला, डाव्या काखेत पिशवी. भात्याने हवा भरायची, डाव्या कोपराने पिशवी दाबून ती नळ्यांत सोडायची.

धून वाजते ती चँटर नावाच्या नळीवर. तिचं खालचं तोंड वादक मांडीवरच्या चामड्याच्या तुकड्यावर टेकवतो. सगळी भोकं बंद आणि खालचं तोंडही बंद, की चँटर गप्प. त्यामुळे सूर तोडता येतो, ठसक्यात वाजवता येतो. त्याच क्षणी पिशवीवर दाब वाढवला की सूर वरच्या सप्तकात उडी घेतो. अशी दोन सप्तकं मिळतात. सोबत तीन ड्रोन एकाच स्वराचा आधार धरून असतात. आणि मांडीवर आडव्या पडलेल्या तीन रेग्युलेटर नळ्या असतात, साधारण तेरा चाव्यांच्या. बोटं चँटरवर गुंतलेली असतानाच उजव्या मनगटाच्या कडेने या चाव्या दाबून स्वरमेळ उठवायचा. पाहणाऱ्याला वाटतं, हा माणूस एकाच वेळी दोन भांडणं सोडवतोय.

पण या वाद्याचा खरा धनी रीड, म्हणजे नळीत थरथरून सूर काढणारी पाती. पूर्ण संचात सात नळ्या, म्हणजे सात रीड. चँटरची रीड भूमध्य सागराकाठच्या बोरूसारख्या वेताची असते. त्याची पट्टी कोरून पातळ करायची, दुमडून दोन पाती करायची, धातूच्या बारीक नळीवर दोऱ्याने घट्ट बांधायची, मग खरवडत बसायचं. थोडं जास्त खरवडलं की सगळं वाया. भात्यातली हवा कोरडी असल्याने तोंडाच्या वाफेचा त्रास नाही, म्हणून चांगली रीड वर्षानुवर्षं चालते. पण दमट आयर्लंडमध्ये जुळलेली रीड अमेरिकेतल्या हिवाळ्यात, हीटर लावलेल्या खोलीत, हटकून रुसते. त्यामुळे केवळ वाजवता येणं पुरत नाही. ज्याला सुरी धरता येत नाही, तो कायम दुसऱ्याच्या दारात उभा.

विसाव्या शतकाच्या मध्यावर हे सगळं जवळपास संपत आलं होतं. दुष्काळ आणि स्थलांतराने गावं रिकामी झाली होती. स्वस्त, टिकाऊ मेलोडियनने, म्हणजे छोट्या अकॉर्डियनने, नाचाच्या मैफली बळकावल्या होत्या. भटक्या समाजातला जॉनी डोरन घोड्याच्या गाडीतून जत्रा फिरत वाजवायचा. १९४७मध्ये आयरिश लोकसाहित्य आयोगाने त्याचं वादन तबकड्यांवर उतरवून घेतलं. काही आठवड्यांत डब्लिनमध्ये त्याच्या गाडीवर भिंत कोसळली, १९५०मध्ये तो गेला. आज त्याच्या शैलीचा अभ्यास होतो तो त्या मोजक्या तबकड्यांवरून. तो आयोग थोडा उशिरा जागा झाला असता तर?

१९६८मध्ये पाइपर मंडळींनी ना पीबरी इलन ही संस्था काढली. लिओ रॉसमसारखे बनवणारे आणि शेमस एनिससारखे वाजवणारे तेव्हा हयात होते, हे नशीब. डब्लिनच्या हेन्रिएटा स्ट्रीटवर संस्थेचं ठाणं आहे. २०१७मध्ये युनेस्कोने या वादनपरंपरेला मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. त्या मानपत्रापेक्षा मला मोलाचं वाटतं ते हे, की संस्था वादनाबरोबर रीड करायलाही शिकवते आणि वाद्यं घडवण्याचं प्रशिक्षणही देते.

आता जगभर शिकणारे वाढले, पण नामांकित कारागिराकडे पूर्ण संचासाठी वर्षानुवर्षं ताटकळावं लागतं. तोवर भाता, पिशवी आणि चँटर एवढ्याच 'प्रॅक्टिस सेट'वर भागवतात. जुने लोक म्हणायचे, पाइपर घडायला एकवीस वर्षं लागतात. तेव्हा नवशिक्याने रांगेची फार चिंता करू नये.