गुच्छीचें कुळ आणि आपलीं अळंबीं

पावसाळ्यांत चिखल्याच्या रानांत वारुळांवर सात्या निघूं लागल्या, कीं आम्हांस एक प्रश्न हटकून विचारला जातो: वाळवून महाग विकली जाणारी गुच्छी आपल्या तुमसर तालुक्यांत कां मिळूं नये? गुच्छी ही थंड प्रदेशाची. काश्मीर, हिमाचल प्रदेश व उत्तराखंड येथील जंगलांत बर्फ वितळल्यावर ती उगवते. आपल्या उष्ण रानांत तिचा शोध करणें व्यर्थ होय. तथापि तिचें कुळ समजून घेतल्यास अळंब्यांची पारख कशी करावी व कशी करूं नये, हें चांगलें ध्यानांत येतें.

अळंबें हें बुरशीचें फळ होय. तिचें खरें शरीर मातींत तंतुरूपानें पसरलेलें असतें. फळावर बीजुकें कशीं धरतात ह्यावरून दोन मोठे वर्ग पाडलेले आहेत. एकांत बीजुकें सूक्ष्म थैलींत, बहुधा आठ आठ, भरलेलीं असतात; दुसऱ्यांत तीं गदेच्या आकाराच्या पेशीवर, बहुधा चार चार, बाहेरून लागतात. गुच्छी थैलीवर्गांतली, आणि आपल्या सात्या गदावर्गांतल्या.

गुच्छीच्या टोपीवर मधाच्या पोळ्याप्रमाणें खळगे असतात. टोपी दांडीस जडलेली असते, व उभी चिरल्यास शेंड्यापासून बुडापर्यंत एकच पोकळी दिसते. पिवळ्या व काळ्या असे तिच्या जातींचे दोन मोठे गट मानतात. परंतु वयाप्रमाणें रंग पालटत असल्यामुळें नुसत्या रंगावर विसंबूं नये.

तिच्या भाऊबंदांपैकीं 'व्हर्पा' हिची टोपी अंगुस्तानाप्रमाणें दांडीच्या केवळ शेंड्यास लटकते. 'हेल्व्हेला' हिची टोपी पुष्कळदां घोड्याच्या खोगिरासारखी असते. 'जायरोमित्रा' हिच्या टोपीवर खळगे नसून मेंदूसारख्या वळ्या असतात. तिच्यांतील विषानें यकृतास इजा होऊन मृत्यूहि येतो. खरी गुच्छीसुद्धां कच्ची खाऊं नये. अमेरिकेंतील मोंटाना संस्थानांत २०२३ सालीं कच्च्या व अर्धवट शिजलेल्या गुच्छीमुळें ५१ माणसें आजारी पडून दोन दगावलीं.

आतां मुख्य मुद्दा. पोकळीची परीक्षा गुच्छीच्या भाऊबंदांपुरती आहे. ती आपल्या छत्रीच्या अळंब्यांस लावूं नये. सात्यांची खूण निराळी. छत्रीखालीं पापुद्रे असतात, आणि दांडी मुळासारखी खोल जाऊन वाळवीनें वारुळांत राखलेल्या बुरशीच्या पोळ्यास मिळते. रोजे हाईम ह्या फ्रेंच शास्त्रज्ञानें १९४२ सालीं ह्या वंशास 'टर्मिटोमायसीस' असें नांव दिलें. म्हणून सात्या वरच्यावर न तोडतां बुडाशीं उकरून पाहाव्या. तरीहि ही एकच खूण पुरेशी मानूं नये. जाणत्या माणसानें ओळख पटविल्यावांचून कांहींहि शिजवूं नये.

चांदीचें नाणें काळें न पडल्यास अळंबें निर्दोष, किंवा किड्यांनीं खाल्लेलें तें माणसासहि चालतें, हे दोन्ही समज खोटे आहेत. कांहीं घातक अळंब्यांचें विष शिजवूनहि जात नाहीं. त्याचीं लक्षणें सहा तासांनीं किंवा त्याहूनहि उशिरां दिसतात, व मध्यें थोडा आराम वाटून माणूस फसतो. अशा वेळीं घरगुती उपायांत वेळ न दवडतां रोग्यास व उरलेल्या अळंब्यास दवाखान्यांत न्यावें.

ज्याची जी खूण, ती त्यालाच लावावी. आणि शंका राहिली तर एक वेळची भाजी सोडावी, एवढीच शेतकरी बंधूंस आमची विनंती आहे.