उंदराची गाठ विरते, माणसाची का नाही?

शौचातून रक्त पडले की आपल्याकडे आधी मूळव्याधीचे औषध सुरू होते. महिने असेच जातात आणि मग कधीतरी मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे निदान होते. बेळगाव, हल्याळकडची मराठी माणसेही उपचारांसाठी हुबळीचा रस्ता धरतात. अशा घरातल्या फोनवर ‘प्रथिनाच्या इंजेक्शनने उंदरांमधला आतड्याचा कर्करोग बरा’ ही बातमी आली, की पहिला प्रश्न येतो: आम्हाला ते कधी मिळणार?

ही प्रथिने म्हणजे सायटोकाइन. प्रतिकारशक्तीच्या पेशी एकमेकींना निरोप देतात तो यांच्यामार्फत. इंटरल्यूकिन-१२, म्हणजे आयएल-१२, हा त्यातला जहाल निरोप; तो मिळाला की टी पेशी आणि ‘नॅचरल किलर’ पेशी चवताळून उठतात.

प्रयोग असा होतो. जेमतेम वीस ग्रॅमच्या उंदराच्या कुशीत, कातडीखाली, कर्करोगाच्या पेशी टोचतात. आठ-दहा दिवसांत तिथे वाटाण्याएवढी गाठ हाताला लागते. मग सायटोकाइन द्यायचे आणि कॅलिपरने गाठीची लांबी-रुंदी मोजत राहायचे. गाठ विरली तरी काम संपत नाही. त्याच उंदराला काही आठवड्यांनी त्याच पेशी पुन्हा टोचतात. या वेळी गाठ धरलीच नाही, तर त्याच्या प्रतिकारशक्तीने शत्रूची ओळख पक्की ठेवली, असे समजायचे. आयएल-१२ने असे निकाल अनेकदा दिले आहेत.

पण टोचलेली पेशी कोणती, हे बातमीत सहसा नसते. अनेकदा ती असते ‘सीटी-२६’: १९७५च्या सुमारास बाल्ब-सी जातीच्या उंदरात रसायन देऊन घडवलेली. तिच्या अंगावर उंदरांमधल्या एका जुन्या विषाणूचे प्रथिन उघडे असते, त्यामुळे टी पेशींना ती चटकन ओळखू येते. माणसाच्या आतड्यातली गाठ बहुतेक वेळा अशी उठून दिसत नाही. शिवाय ती कातडीखाली नसते, कोट्यवधी जिवाणूंच्या शेजारात वाढते. उंदराची जात बदलली की कर्करोगाचे वागणे बदलते, हे आपल्याकडे पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये स्तनाच्या कर्करोगावर काम करताना अभ्यासले होते. अनुवंश, संप्रेरके आणि विषाणू यांचा एकत्र विचार त्यांनी तेव्हाच केला. आजच्या बातम्या वाचताना मला ती शिस्त फार मोलाची वाटते.

आतड्याच्या बाबतीत पेच आणखी वाढतो. टीएनएफ हे सायटोकाइन १९७५मध्ये न्यूयॉर्कमध्ये सापडले तेच उंदराची गाठ मारणारे म्हणून. पण आतड्याला सतत सूज असेल, तर तेच टीएनएफ कर्करोगाला खतपाणी घालते. अशा उंदरांत त्याचा मार्ग अडवल्यावर गाठी कमी झाल्या. अल्सरेटिव्ह कोलायटिस या आतड्याच्या सुजेच्या आजारात तर काही रुग्णांना टीएनएफ रोखणारी औषधे देतात.

आयएल-१२ची माणसांतली कथा तर काळीज पिळवटणारी आहे. १९९५मध्ये अमेरिकेत मूत्रपिंडाच्या कर्करोगाच्या १७ रुग्णांना ते रोज दिले गेले. १२ जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले, दोघे दगावले. चाचणीच्या आधीच्या टप्प्यात मुख्य उपचारापूर्वी दोन आठवडे एक चाचणी-मात्रा दिली जात असे. या टप्प्यात ती वगळली होती. त्या एका मात्रेने शरीर पुढच्या माऱ्यासाठी सावरते, हे नंतर उंदरांवरच तपासून कळले. हे उंदरांवर आधीच तपासले असते, तर कदाचित दोन जीव वाचले असते.

म्हणून आता भर आहे तो हा निरोप संपूर्ण रक्तात न सोडता गाठीतच पोहोचवण्यावर. आयएल-१२ला असे प्रतिपिंड जोडतात, जे गाठीतल्या मेलेल्या पेशींच्या उघड्या डीएनएला चिकटते. काही ठिकाणी ते थेट गाठीत टोचतात. या दिशेने मला खरी आशा वाटते, पण उपचार म्हणून ते आज हुबळीत मागता येणार नाही.

मागता येण्यासारखी एक गोष्ट मात्र आहे. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या साधारण १५ टक्के रुग्णांत डीएनए-दुरुस्तीची यंत्रणा बिघडलेली असते. त्यांची गाठ टी पेशींना ठळक दिसते, आणि रोग पसरलेला असला तरी पेम्ब्रोलिझुमॅबसारखे प्रतिकारशक्तीमार्फत काम करणारे औषध त्यातल्या अनेकांना लागू पडते. बायोप्सीच्या त्याच तुकड्यावर एमएलएच-१, एमएसएच-२, एमएसएच-६ आणि पीएमएस-२ ही चार प्रथिने तपासली की ते कळते. रिपोर्टमध्ये ही नावे नसतील, तर डॉक्टरांना विचारा.