खाणीचा चिखल जातो कुठे?

रत्नागिरीतून मी पुन्हा तुमच्यासमोर. आजचा विषय जरा चिखलाचा आहे. खनिज धुतलं की माल विकला जातो, पण धुतलेल्या पाण्यातली चिकणमाती? ती कुठे टाकायची?

फ्लोरिडातल्या फॉस्फेटच्या खाणी बघा. या फॉस्फेटपासून खत बनतं. तिथे एक टन फॉस्फेटमागे जवळपास एक टन चिकणमाती निघते. त्या राड्यात घन भाग जेमतेम 3 ते 5 टक्के, बाकी सगळं पाणी. बांध घालून केलेल्या मोठाल्या तळ्यांत तो सोडतात. वर पापुद्रा धरतो, आत मात्र वर्षानुवर्षं लगदाच राहतो.

का? कण दोन मायक्रॉनहून बारीक, त्यावर ऋण भार, म्हणून ते एकमेकांना दूर ढकलतात. पावसाळ्यात गढूळ पाण्यात आपण तुरटी फिरवतो ना? तिच्यातल्या ॲल्युमिनियमचा धन भार ही ढकलाढकली मोडतो. मग कणांचे पुंजके होऊन ते खाली बसतात. खाणीत हेच काम बहुधा पॉलिॲक्रिलामाइड नावाचं रसायन करतं.

दुसरा उपाय म्हणजे चिकणमातीत वाळू मिसळायची. वाळूच्या वजनाने पाणी लवकर पिळून निघतं आणि जमीन लवकर वापरात येते. तिसरा, यंत्रात दाबून गाळाच्या घट्ट वड्या करायच्या. खर्च जास्त, पण पाणी परत मिळतं आणि मोठा बांध लागत नाही. चौथा, रिकाम्या झालेल्या खड्ड्यातच भराव घालायचा.

बांधाचा धोका किती? ब्राझीलमधल्या ब्रुमाजिन्यो इथे जानेवारी 2019 मध्ये लोहखनिजाच्या गाळाचा बांध फुटला आणि 270 माणसं गेली.

आता आपल्याकडे या. शेजारच्या गोव्यात डिचोली-सत्तरी भागात लोहखनिजाच्या खाणींची माती पावसात वाहून ओढ्यांत आणि भाताच्या खाचरांत आली. रत्नागिरीत तर वर्षाला तीन हजार मिलीमीटरहून जास्त पाऊस, तोही चार महिन्यांत! उन्हाळ्यात मजबूत दिसणारा बांध खरा कळतो तो आषाढात.

म्हणून गावात खाणीची जनसुनावणी लागली, तर रोजगाराबरोबर एवढं विचाराच: गाळ किती निघणार? मुसळधार पावसाचं पाणी बांधाला न भिडता कुठून काढणार? खाण बंद झाल्यावर त्या तळ्याची राखण कोण करणार? आणि बरं का, उत्तरं लेखी घ्या. तोंडी आश्वासन पहिल्या पावसातच वाहून जातं.