कायद्याच्या उंबरठ्यावरील व्यवसाय

वीज, तेल, कोळसा यांविषयीचे कायदे अमेरिकेच्या काँग्रेस या संसदेत संमत होतात. परंतु त्यांतील शब्दांची घासाघीस पुष्कळदा सभागृहाबाहेरच होते. मोबदला घेऊन ही घासाघीस करणाऱ्यास ‘लॉबिस्ट’ म्हणतात. अशांपैकी अनेकांनी आधी एखाद्या सदस्याच्या कार्यालयात वा सरकारी खात्यात नोकरी केलेली असते. कोणते कलम कोणत्या समितीपुढे केव्हा येणार, ही जाण हेच त्यांचे भांडवल होय.

एका शब्दाचे मोल किती असते पाहा. १९७० च्या स्वच्छ हवा कायद्याने नव्या वीजकेंद्रांसाठी कडक निकषांची तरतूद केली. जुन्या केंद्रांना ते ‘फेरबदल’ केल्यासच लागू होणार होते. दुरुस्ती कोठे संपते आणि फेरबदल कोठे सुरू होतो, हा वाद पुढे अनेक दशके चालला. त्या अवधीत कित्येक जुनी धुराडी धूर ओकीत राहिली.

हा व्यवसाय बेकायदेशीर नव्हे. १९९५ च्या कायद्यान्वये लॉबिस्टांची नोंदणी होऊन अशिलाचे नाव, विषय आणि रक्कम जाहीर करावी लागते. पर्यावरणवादी संस्थाही आपले लॉबिस्ट पाठवितात. मात्र धुराड्याच्या छायेत राहणाऱ्याला असा वकील परवडत नाही. त्याच्या वतीने कोण बोलणार, हा प्रश्न उरतोच.