भिंतीतील उष्णतेची ठेव

वैशाखात वर्धा जिल्ह्यातील पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा सेवाग्रामच्या बापूकुटीत शिरणाऱ्यास मातीच्या जाड भिंतींचे मोल कळते. १९३६ साली गांधीजी येथे राहावयास आले. निवासासाठी स्थानिक साहित्यच वापरावे आणि खर्च पाचशे रुपयांच्या आत राहावा, अशी त्यांची अट होती. माती, बांबू व कवेलू यांनी ती पाळली. अशी भिंत दिवसाची उष्णता सावकाश शोषते आणि रात्री परत करते.

हेच कार्य पातळ थराकडून करवून घेण्याचे प्रयत्न आज जगातील अनेक प्रयोगशाळांत चालू आहेत. मेण वितळताना स्वतः फारसे न तापता पुष्कळ उष्णता सामावून घेते आणि गोठताना ती सोडते. एक किलो माती १० अंशांनी तापताना सुमारे २ किलोकॅलरी उष्णता घेते. एक किलो पॅराफिन मेण केवळ वितळताना ४० हून अधिक. मात्र वितळलेले मेण पाझरते. म्हणून ते पॉलिएथिलीनसारख्या बहुवारिकाच्या जाळीत कोंडले जाते. आतील मेण पातळ झाले तरी वरचा तक्ता घट्ट राहतो. पॉलिएथिलीन ग्लायकॉल या बहुवारिकात तर रेणूंची साखळी आखूड वा लांब निवडून द्रवणांकच ठरविता येतो.

अर्थशास्त्राच्या परिभाषेत ही एक ठेव होय: दिवसा भरणा, रात्री उचल. परंतु रात्री उचलच झाली नाही, तर दुसऱ्या दिवशी भरण्यास जागा उरत नाही. विदर्भात उन्हाळ्याच्या ऐन भरात रात्रीही पारा ३० अंशांच्या आसपास रेंगाळतो. २६ अंशांस गोठणारे मेण अशा रात्री द्रवच राहील आणि भिंतीत घातलेला पैसा वाया जाईल. थंड देशांसाठी योजलेला द्रवणांक येथे जसाच्या तसा चालणार नाही. शिवाय पॅराफिन खनिज तेलापासून मिळते आणि ते ज्वलनशीलही आहे.

उन्हाची खरी झळ टिनाच्या छपराखाली राहणाऱ्या शेतमजुरास बसते. वातानुकूलन यंत्र त्याच्या आवाक्याबाहेरचे. शेजारच्या यंत्राने बाहेर टाकलेली उष्णता मात्र त्याच्या वाट्यास येते. तेव्हा नव्या पदार्थाची परीक्षा प्रयोगशाळेतील आकड्यांवर संपू नये. वर्धेच्या रात्री तो गोठतो काय आणि घरकुलाच्या खर्चात बसतो काय, हे दोन प्रश्न आधी विचारले पाहिजेत. तोवर माती व कवेलू यांना मागासलेपणाची खूण समजून घरकुलांतून हद्दपार करणे शहाणपणाचे नव्हे.